दुसरी प्रत दप्तरी

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझी दया यावी असं मी काही केलेलं नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत जुनी छत्री रडते, फाटकं पुस्तक रडतं, मोडकी सायकल तर धाय मोकलून रडते. मला ते जमायचं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं कागदावर ठोकत आलो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, तर खरं तेवढंच सांगतो.

आजकालच्या प्रिंटरांसारखा मी गुळमुळीत नाही. माझ्या तोंडात नऊ सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि मागच्या कागदावर अक्षर उमटतं. म्हणजे अक्षर मी लिहीत नाही, मारतो. मी सुरू झालो की शेजारच्या वाचनकक्षातल्या म्हाताऱ्यांच्या डुलक्या मोडायच्या आणि ते माझ्या नावाने बोटं मोडायचे.

१९९६ साली मी बडोद्यात आलो. सयाजीगंजात पहिल्या मजल्यावर एक सार्वजनिक वाचनालय होतं. खिडकीतून स्टेशनातल्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हणजे घरात आलेली नवी सून. सगळ्यांना बघायची हौस, हात लावायची भीती. कॉम्प्युटरला आणि मला काचेची वेगळी खोली दिली, वर एसी लावला. दाराबाहेर चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. खंडेनवमीला मला झेंडूचा हार, कपाळावर कुंकू आणि पुढ्यात पेढा. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

वाचनालय चालवायचे रमाकांतकाका. काकांचे पणजोबा संस्थानच्या दप्तरखान्यात होते. राज्य गेलं, दप्तरखाना गेला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "ज्याची दुसरी प्रत नाही, तो कागद झालाच नाही," असं काका येता-जाता म्हणायचे. म्हणून माझ्यात नेहमी दोन पदरी कागद घातलेला असायचा, मधे कार्बन. वरचा कागद वाचकाला, खालचा वाचनालयाच्या फायलीत. याला ते 'दुसरी प्रत दप्तरी' म्हणत. शिवाय बाहेरची फ्लॉपी आणायला सक्त मनाई. "बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस येतो, चपलेला लागून शेण येतं तसा," हे काकांचं ठाम मत. ज्याला आपलं काम साठवून ठेवायचं असेल त्याने ते आमच्याच कॉम्प्युटरवर, आपल्या नावाने ठेवायचं.

मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. आमच्याकडे निघालेला प्रत्येक कागद दोनदा निघायचा, आणि टाइप केलेलं प्रत्येक अक्षर आमच्याकडेच राहायचं. पुढे जे झालं ते याच्यामुळेच झालं.

अठ्ठ्याण्णव साली वाचनालयाने कोर्टाच्या निकालांची एक सीडी विकत घेतली. चकतीएवढ्या त्या सीडीत कपाटभर निकाल. नवे वकील यायचे, घरमालक-भाडेकरू यायचे, माणशी अर्धा तास मिळायचा. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये मुग्धा आली.

मुग्धा तिशीतली होती. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम करायची आणि दुपारी डबा तसाच पिशवीत ठेवून आमच्याकडे यायची. शहराच्या गोत्री भागात एका खोलीत एकटी राहायची. तिचा नवरा देवेंद्र मस्कतला गेला आणि तिकडेच रमला, मग घटस्फोटाचे कागद आले. ते आले त्याच दिवशी बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या बंगल्यात तिच्या सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, तिची बॅग फाटकाबाहेर ठेवली. तिची मुलगी शर्वरी मात्र फाटकाच्या आत ठेवली. शर्वरी तेव्हा साडेचार वर्षांची होती.

मुग्धाला आपली मुलगी हवी होती. बंगला नको, दागिने नकोत, फक्त मुलगी. तिची बाजू मालविकाबाई वकील लढत होत्या. त्या फार कामाच्या बाई, पण दहा कोर्टांत धावणाऱ्या. त्यांनी तिला सांगितलं, "पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडेच देतात. डिसेंबरात तिला पाच होतील, मग आपलं जड जाईल. तू निकाल शोध. प्रत्येक निकालाचा उतारा वर घे आणि खाली लिही, यातलं आपल्या बाजूचं काय आणि विरुद्ध जाईल असं काय. माझ्यापासून काही लपवू नकोस. वकिलाशी नि वैद्याशी खोटं बोललं की आपलंच मरण."

तेव्हापासून मुग्धा रोज येऊ लागली. अर्ध्या तासात एखादा निकाल वाचून व्हायचा, कधी तोही नाही. उरलेलं आपल्या नावाने साठवून उठायची. तिला टाइपिंग चांगलं येत होतं, पण शर्वरीचं नाव आलं की बोटं चुकायची. मी समोरच असायचो, बघायचो.

तुम्ही म्हणाल, सासऱ्यांशी वैर आणि ही बाई उघड्यावर बसून काय तयारी करत होती? बरोबर आहे. त्यात पुन्हा गोविंदराव आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. मुग्धाला ते ठाऊक होतं. पण शहरात लोकांसाठी खुली असलेली निकालांची सीडी तिला दुसरीकडे सापडली नाही. आणि गोविंदराव वर्षातून दोनदा यायचे, दसऱ्याला आणि वार्षिक सभेला. खुर्चीत बसायचे, फोटो काढून घ्यायचे, जायचे. काचेच्या खोलीत तर ते कधीच आले नव्हते, कारण त्यांना बूट काढायला आवडायचं नाही.

एकदा तिने विचारलंही होतं. "रमाकांतकाका, ही दप्तरातली प्रत कोण बघतं हो?"

"कुणी नाही गं," काका म्हणाले. "दप्तरात गेलेला कागद ब्रह्मदेव आला तरी सापडायचा नाही. आणि तू विचारतेस? तुझे आजोबा कोण होते?"

तिचे आजोबाही दप्तरातलेच. तिच्या माहेरी वाण्याच्या यादीचीसुद्धा नक्कल ठेवायचे. दुसरी प्रत म्हणजे सुरक्षितपणा, हे तिला बाळकडूतच मिळालं होतं. दुसऱ्या कुणी बाईने शंभरदा विचार केला असता. मुग्धा हसली आणि कामाला लागली. बडोद्याच्या दप्तरी घराण्यातल्या माणसानेच करावी अशी ती चूक होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचं लिहून संपलं. शेवटच्या निकालाखाली तिने दोन पानं टाइप केली होती. ती छापताना मी काय दिवे लावले ते ऐका. मराठी अक्षर मला आधीच जड. एकेक ओळ तीन-तीन फेऱ्या मारून पुरी होते. त्यात फीत जुनी झालेली. पहिल्या पानाला कागद तिरका गेला. तो काढला, पुन्हा लावला, पुन्हा अडकला. अर्धा तास संपला. मागे एक गृहस्थ घड्याळ बघत उभे.

"काका, दोनच पानं राहिलीत," मुग्धा म्हणाली.

"उद्या ये," काका म्हणाले. "तुला सवलत दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पगाराची रजा टाकून ती सकाळीच आली आणि मी दोन पानं छापून दिली. शब्द न् शब्द मला पाठ आहे. पहिल्या पानाच्या तळाशी होतं, 'विरुद्ध जाईल अशी एक गोष्ट आहे, ती कुणालाच माहीत नाही. शर्वरी सव्वादोन वर्षांची होती. दुपारची वेळ, घरात कुणी नव्हतं, ती झोपली होती. मी दार ओढून घेतलं आणि चालत स्टेशनवर गेले. मुंबईचं तिकीट काढलं आणि तीन तास बाकावर बसले.' तिथे पान संपलं. दुसऱ्या पानावर होतं, 'गाडीत चढले नाही. परत आले तेव्हा ती दाराला टेकून झोपली होती, मुठीत माझी ओढणी. त्या दिवसानंतर मी तिला एकटी सोडली नाही. त्यांनी मला बाहेर काढलं, तेवढं सोडून.'

वरच्या प्रती तिने पिशवीत घातल्या. खालच्या प्रती चारुबेनने फायलीला लावल्या. चारुबेन म्हणजे आमची मदतनीस चारुलता. मनाने वाईट नव्हती. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दसऱ्याला गोविंदराव आले. हार झाले, पेढे झाले. चारुबेनने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि कौतुकाने म्हणाली, "साहेब, तुमच्या सूनबाई रोज येतात हं इथे. कायद्याचं किती वाचतात. वकिलांना मागे टाकतील."

गोविंदरावांनी चहा सावकाश संपवला. "असं?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या ते हजर. रमाकांतकाकांना म्हणाले, "यंदाचं दप्तर तपासायचं आहे. कॉम्प्युटर खोलीची फाइल आणा." काकांनी आणली. काचेच्या खोलीत गोविंदराव बूट घालूनच आले. काकांनी बुटांकडे पाहिलं आणि मग एसीकडे पाहायला लागले. त्या एका दिवसात मला कळलं की आमच्याकडे नियम कुणासाठी होता.

ती पानं त्यांनी दोनदा वाचली. कपाळावर आठी नाही, काही नाही. मग म्हणाले, "कार्बन पुसट आहे, रमाकांत. कोर्टात चालायचं नाही. हे कॉम्प्युटरवर असेल ना अजून? एक स्वच्छ प्रत काढा. पहिलंच पान पुरे."

"साहेब, ते... तिचं खाजगी आहे," काका म्हणाले. एवढं म्हणाले हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

"वाचनालयाच्या यंत्रावर खाजगी काय असतं?" गोविंदराव म्हणाले. "प्रत काढा आणि मग ते पुसून टाका. सार्वजनिक जागेत लोकांच्या भानगडी साठवून ठेवायच्या नाहीत."

साहेबांसाठी म्हणून चारुबेनने मला नवी फीत घातली. गोष्टीतला प्रिंटर असतो ना, तो अशा वेळी अडकून बसतो, कागद फाडतो, धूर सोडतो. मी तसलं काही केलं नाही. कागद सरळ गेला. सुया अशा आपटल्या की काळंभोर, टपोरं अक्षर. तिच्या वेळी दोनदा अडलो, साहेबांच्या वेळी लोण्यासारखा चाललो. आयुष्यात मी छापलेलं सगळ्यांत देखणं पान ते. गोविंदरावांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "सरस. यंत्र छान आहे हो आपलं." मग काकांनी मुग्धाच्या नावाचं सगळं पुसलं. चार महिने, रोजचा अर्धा तास, एका बोटासरशी गेला. माझी ती एवढीच स्तुती झाली, मित्रांनो, आणि ती मला अजून आठवते.

कोर्टात काय झालं ते मी पाहिलं नाही. नोव्हेंबरात मुग्धा आली तेव्हा काकांशी बोलताना ऐकलं. गोविंदरावांनी पहिलं पान दाखवलं. मालविकाबाई वकिलाला लिहिलेला कागद असा वापरता येत नाही म्हणून भांडल्या, आणि वापरायचाच तर पुरा वापरा म्हणून दोन्ही पानं पुढे केली. जजसाहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि मुग्धाला सरळ विचारलं, "बाई, कागद राहू द्या. सव्वादोन वर्षांच्या मुलीला तुम्ही तीन तास एकटं टाकून गेला होतात की नाही?"

"तू काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

"हो म्हणाले. काय म्हणणार?"

मुलगी आजोबांकडे राहिली. आईला महिन्यातून एक तास, दुसऱ्या रविवारी, एखाद्या सार्वजनिक जागी.

"काका, तुम्ही म्हणाला होतात, ब्रह्मदेवाला सापडायचं नाही," मुग्धा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अगं, अध्यक्षांनी दप्तर मागितलं तर मी नाही कसं म्हणू?"

"ते माझे सासरे आहेत."

"ते अध्यक्ष म्हणून आले होते," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपणाला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असेलच तर त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

सार्वजनिक जागा म्हणून गोविंदरावांनी आमचंच वाचनालय सुचवलं. ठरता ठरता दोन हजार साल उजाडलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, पहिल्या भेटीला, शर्वरीला घेऊन त्यांचा ड्रायव्हर आला आणि वाचनकक्षात खुर्ची टाकून बसला. भेटीची नोंद हवी म्हणून काकांनी माझ्यावर चिठ्ठी छापली. 'वाचकाचे काम' असा रकाना होता, त्यात लिहिलं, 'मुलीस भेटणे'. दोन प्रती.

माझ्या कागदाला दोन्ही कडांनी भोकांच्या पट्ट्या असतात, फाडून टाकायच्या. काचेच्या खोलीत माझ्याजवळ बसून मुग्धाने त्या पट्ट्या दुमडून मुलीला साखळी करून दिली. शर्वरीला ती आवडली. आधी ती गुजरातीत बोलत होती, ड्रायव्हरकाकांशी बोलते तसं. मग हळूहळू मराठीवर आली. अर्धा तास बरा गेला. मला वाटलं, चला, एवढं तरी.

मग साखळीशी खेळता खेळता शर्वरीने विचारलं, "आई, तू मला टाकून स्टेशनवर गेली होतीस?"

मुग्धाचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. कागद वाचून दाखवला."

"गेले होते, सोनू. पण परत आले ना. लगेच परत आले. तू दाराशी झोपली होतीस, माझी ओढणी घेऊन."

शर्वरीने विचार केला. "आजोबांच्या कागदात ते नाहीये."

"ते दुसऱ्या पानावर आहे."

"एकच पान आहे. आजोबा म्हणतात, कागदावर असतं तेच खरं असतं."

मुग्धा उठून काकांच्या टेबलाशी आली. "काका, दप्तरातलं दुसरं पान पाच मिनिटं द्या. तिला वाचून दाखवते आणि परत करते."

फाइल काकांच्या पाठीमागच्या कपाटात होती. हात मागे केला असता तर लागली असती. काकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर त्यांच्याकडेच बघत होता.

"दप्तरातला कागद वाचकाला देता येत नाही," काका म्हणाले. "नियम आहे, मुग्धा."

"माझाच कागद आहे, काका."

"दप्तरात गेला की तो वाचनालयाचा."

तास भरला. शर्वरी साखळी गळ्यात घालून जिना उतरली. मुग्धा तिला वरून म्हणाली, "पुढच्या वेळी मी ते पान घेऊन येते हं. माझ्याकडे आहे. वाचून दाखवते तुला." मुलीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला दिसलं नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या म्हणून सांगायची पद्धत आहे. मला ते सांगायची गरज नाही. आमच्या वाचनालयात वस्तूंची काळजी फार छान घ्यायचे. मला रोज कापड मारायचे, वर प्लास्टिकचं आवरण घालायचे, उन्हाळ्यात माणसं घामाघूम व्हायची पण मला एसी. पुढे नवा, आवाज न करणारा प्रिंटर आला आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो, तेव्हासुद्धा मला चादरीत गुंडाळून ठेवलं. माझ्या शेजारी दप्तराचं कपाट आहे. या खोलीत वाळवीने जुनी रजिस्टरं खाल्ली, कथा-कादंबऱ्या खाल्ल्या. मुग्धाची पानं असलेल्या त्या फायलीला मात्र काही झालेलं नाही. काका निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्याआधी तिच्यात डांबरगोळ्या घालत. तुम्हाला एकच सांगतो. कुठे काही छापायला, साठवायला बसलात, तर दुसरी प्रत कुणाच्या कपाटात जाते ते आधी विचारा. आणि उत्तर देणारा काका म्हणण्याच्या नात्यातला असेल तर दोनदा विचारा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मुग्धा वेळेच्या अर्धा तास आधी आली. दुसरं पान तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, चुरगळू नये म्हणून. बरोबर एक नवी ओढणीही होती. चपला काढून ती काचेच्या खोलीत येऊन बसली, माझ्यासमोर. दहा वाजले, सव्वादहा वाजले. जिन्यावर पावलं वाजली की ती उठायची.

साडेदहाला ड्रायव्हर एकटाच आला. त्याने काकांना गोविंदरावांनी लिहिलेली चिठ्ठी दिली. काकांनी ती वाचली आणि कॉम्प्युटरसमोर बसून टाइप करायला लागले, कारण हाताने लिहिलेलं दप्तरात चालत नाही. मुग्धा त्यांच्या शेजारीच उभी होती. मी छापत गेलो तसं ती वाचत गेली. याही वेळी मी अडलो नाही.

'मुलीची भेटीस यावयाची इच्छा नाही. मुलीने स्वतः सांगितले आहे. कळावे.'

काकांनी पान फाडलं, कार्बन काढला, पोच म्हणून दोन्ही प्रतींवर तिची सही घेतली. एक तिला दिली. दुसरी अजून इथे माझ्या शेजारी आहे. तिचा कोपरासुद्धा दुमडलेला नाही.